अंगठ्यावरून ओळख

दुपारी जेवणं आटोपून जरा पाठ टेकावी म्हणून फोन उशाशी ठेवत होते, तेवढ्यात वाचनाच्या ग्रुपवर एका पुस्तकाचा फोटो आला. पुस्तकाखाली चादर. फिकट हिरवी, तिच्यावर परातीएवढी पिवळी फुलं. कोणी पाठवलाय ते बघायच्या आधीच मी मनात म्हटलं, सांगलीच्या काकूंनी शेवटी वाचायला घेतलं म्हणायचं. या काकूंना मी जन्मात पाहिलेलं नाही. चादर मात्र पाठ आहे. दुसरी निळ्या चौकड्यांची. ती दिसली की समजायचं, हिरवी धुवायला टाकलीये.

वाचणाऱ्यांच्या ग्रुपात माणसं अशीच कळतात. प्रोफाइलला स्वतःचा धड फोटो कुणाचाच नसतो. कुणाचा गणपती, कुणाचा नातू, कुणाचा गुलाब. पण पुस्तकाचा फोटो काढताना माणूस बेसावध असतो. मुखपृष्ठ सरळ आलं की झालं, कडेने काय काय आत शिरलंय तिकडे त्याचं लक्ष नसतं. आमचं असतं. शहाबादी फरशी, सांध्यातलं सिमेंट निघालेलं. औषधांची पट्टी, त्यातल्या दोन गोळ्या संपलेल्या. कप, बशी आणि बशीत खारी. (खारीचा चुरा उघड्या पानांच्या बेचक्यात जाणार, या विचाराने माझा जीव वरखाली होतो. खाताना वाचावं, जरूर वाचावं, पण शिऱ्यासारखं काहीतरी खावं.) परभणीचे एक निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे सर म्हणतात, ते पुस्तक डाव्या हातात धरून उजव्या हाताने फोटो काढतात. त्यामुळे अंगठा बरोब्बर लेखकाच्या नावावर. मग खाली पाच जण विचारतात, लेखक कोण? त्या अंगठ्याच्या नखावर मध्यंतरी एक काळा डाग होता, दारात सापडल्यासारखा. प्रत्येक पुस्तकागणिक तो थोडा थोडा वर सरकत गेला आणि एका ऐतिहासिक कादंबरीच्या वेळी नखाबरोबर कापला गेला. नखाबद्दल कुणीच कधी काही बोललं नाही, पण डाग गेल्यावर मला हायसं वाटलं, आणि बाकीच्यांनाही वाटलं असणार.

नोकरी कुठे, मुलं किती, घर स्वतःचं की भाड्याचं, हे सगळं लग्नाच्या मांडवात शेजारची खुर्ची ओढून बसलेली बाई पंगत बसायच्या आत विचारून घेते. आम्हाला ते वर्षानुवर्षं माहीत नसतं. आम्हाला दुसरंच माहीत असतं. गोष्टीत कुत्रं मेलं की कोण पुस्तक पुढे वाचत नाही. शेवटचं पान आधी कोण वाचतं आणि वर तोंड करून सांगतं. निसर्गवर्णनं कोण गाळतं. घरात आहे हे विसरून तेच पुस्तक पुन्हा विकत कोण घेतं. आणि ‘याची पीडीएफ मिळेल का?’ हे कोण विचारणार, हे तर नाव न बघताही सांगता येतं. लेखक जाऊन ६० वर्षं झाली की पुस्तक सगळ्यांचं होतं, असा आपल्याकडचा कायदा आहे. पण या मंडळींना लेखक जिवंत असला, इतकंच नव्हे तर त्याच ग्रुपात असला, तरी काही वाटत नाही.

लहानपणी मला असाच एक मित्र होता. मित्र की मैत्रीण, ते आजही माहीत नाही. आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या दवाखान्यावर वाचनालय होतं. दाराशी पाटी, ‘शासनमान्य ब वर्ग’. त्या ब चा मला फार राग यायचा, शाळेत ब तुकडीत असल्यासारखा. खालून फिनेलचा वास जिन्याने वर यायचा, त्यामुळे रहस्यकथा म्हटलं की मला अजून फिनेलचा वास येतो. कपाटांना जाळीची दारं आणि दारांना कुलूप. जाळीतून बोट घालून पुस्तकाच्या पाठीला टेकवायचं आणि ‘अण्णा, हे’ म्हणायचं. मग अण्णा किल्ल्यांचा जुडगा घेऊन, मी त्यांच्याकडे उसने पैसे मागितल्यासारखा चेहरा करून यायचे. पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला आतून खाकी कागदाचा खिसा चिकटवलेला असे आणि त्यात कार्ड. कार्डावर तारीख आणि सभासद क्रमांक.

माझ्या आधी कायम २१७.

सुरुवातीला योगायोग वाटला. मग मी कार्ड आधी बघायला लागले. २१७ ने पुस्तकांत शिसपेनने छपाईच्या चुका दुरुस्त केलेल्या असायच्या. ‘परिक्षा’ची परीक्षा, ‘आशिर्वाद’चा आशीर्वाद. अगदी हलक्या हाताने, वेलांटीवर बारीकशी रेघ, कडेला दुरुस्ती. क्वचित त्याहून जास्तही. नायक धावत्या गाडीच्या टपावरून नदीत उडी मारतो, तिथे समासात ‘अशक्य!’ एका जाडजूड चरित्राच्या मध्यावर ‘येथून पुढे कंटाळा’. आणि एका गोष्टीत लहान भाऊ तापाने जातो, त्या पानावर नुसतं ‘अरेरे’. मी त्या पानाशी रडत होते आणि समासात माझ्या आधी कोणीतरी हळहळून गेलं होतं. बरं वाटलं.

एकदा धीर करून अण्णांना विचारलं, २१७ म्हणजे कोण? अण्णा म्हणाले, “तू ऑडिटला आलीयेस का?”

मग मी गावात शोध घेतला. पोस्टमास्तरांवर संशय होता. संस्कृतच्या बाईंवर होता. खालच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरवरही होता, कारण बाटलीवरच्या चिठ्ठीत ‘जेवणानंतर’ ते अगदी वळणदार लिहायचे. कुणाचंच अक्षर जुळेना. शेवटी शोध सोडला आणि २१७ ने नेलेली पुस्तकं तेवढी नेत राहिले. माझ्या वयाला न झेपणारी कितीतरी पुस्तकं मी त्या आकड्याच्या भरवशावर वाचली आहेत. एकदा एका पानावर ‘उज्वल’ तसंच राहिलेलं दिसलं. २१७ च्या नजरेतून सुटलेलं! मी घरातून पेन्सिलीला टोक करून आणलं, वर एक ‘ज्’ चढवला आणि पुस्तक परत केलं. पुढे बोर्डाच्या निकालालाही इतकी छाती फुगली नाही. ते पुस्तक २१७ ने पुन्हा नेलं का, हे बघायला मी बरेच दिवस कार्ड काढत होते. नाही नेलं. नेतंय कोण, एकदा वाचलेलं.

तर मुद्दा काय होता? हां, सर.

सरांचं आणि माझं खरं सूत जमलं ते पोस्टामुळे. आधी रजिस्टर्ड बुक पोस्ट होतं. पाकिटाचं एक तोंड उघडं ठेवायचं, आत चिठ्ठीचपाटी घालायची नाही, आणि स्वस्तात पुस्तक डोंबिवलीहून परभणीला. १८ डिसेंबर २०२४ ला ती सेवा एकाएकी बंद झाली, तेव्हा आमच्या ग्रुपवर सुतक आलं. कुरियरचे पैसे ऐकून सर म्हणाले, त्यापेक्षा मीच गाडीत बसून येतो. मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट निघालं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पुढे वाढत वाढत पाच किलोला १००, वर कर. पाकिटावर ठळक ‘ज्ञान पोस्ट’ लिहायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने विचारलं, आत काय आहे? म्हटलं, कादंबरी. ती विचारात पडली. आत जाऊन कुणाला तरी विचारून आली आणि म्हणाली, चालेल, बसते ज्ञानात. समीक्षकांचा हा वाद किती वर्षं चाललाय, इथे चहा गार व्हायच्या आत मिटला.

तेव्हापासून स्वयंपाकघरातला वजनकाटा माझ्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी राहायला आला. ३०० च्या आत बसलं तर आनंद. सर तर अभिप्रायही वजनासकट लिहायला लागले. ‘भाषा लोभस. शेवट घाईत उरकला आहे. २८० ग्रॅम.’ किंवा, ‘संपादकाने शंभर पाने काढली असती तर कादंबरी सुधारली असती आणि वीस रुपयांतही गेली असती.’ सरांकडून परत आलेल्या पुस्तकात खूण म्हणून एसटीचं तिकीट असतं. मशिनचं, पातळ, शाई उडालेलं. उजेडात तिरकं धरलं तर कधी ‘गंगाखेड’ दिसतं, कधी ‘जिंतूर’. चिठ्ठी घालायची सवय नाही त्यांना, जुन्या नियमाची माणसं.

हिवाळ्यात सगळ्यांनी भिलारला भेटायचं ठरलं. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं स्ट्रॉबेरीचं गाव, ४ मे २०१७ पासून पुस्तकांचंही गाव. घराघरांत पुस्तकं मांडलेली, या घरी इतिहास, त्या घरी कविता, कुणीही जावं, बसावं, वाचावं. सांगलीच्या काकू गुडघ्यांमुळे आल्या नाहीत, सांगली त्यातल्या त्यात जवळ असूनही. बाकी आम्ही जमलो आणि फार अवघडलो. ग्रुपवर रात्री अकराला एकमेकांच्या आवडत्या लेखकांची सालं काढणारे लोक ‘प्रवास कसा झाला?’, ‘थंडी आहे नाही?’ यापलीकडे सरकेनात. सर स्ट्रॉबेरीचा पुठ्ठ्याचा खोका धरून उभे होते. मी चेहऱ्याकडे बघितलंच नाही. खोक्यावर अंगठा दिसला आणि म्हटलं, “सर!” ते म्हणाले, “काय ओळखलंत हो!” सांगायची सोय नव्हती.

मग आम्ही एका घराच्या पडवीत शिरलो, प्रत्येकाने एकेक पुस्तक काढलं आणि एकेक कोपरा धरला. बराच वेळ कुणी बोललं नाही. घरमालकीण चहा घेऊन आली, आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि मला हळूच विचारलं, “वाटेत भांडणं झाली का ओ तुमची?”

परतीच्या गाडीत मला वाटत होतं की यांच्याइतकं जवळचं मला कोणी नाही. असं वाटतं. एका वाक्याशी दोघं थांबले की वाटतंच.

सरांनी एकदा एका दलित आत्मकथनाबद्दल ग्रुपवर लिहिलं होतं. पाणवठ्यावरचा प्रसंग आहे त्यात. तो वाचून पुस्तक मिटलं ते पुन्हा उघडवेना, असं लिहिलं होतं. आपण वर्गात पहिल्या बाकावर कुणाला बसवलं आणि मागे कुणाला, हे इतक्या वर्षांनी आठवायला लागलं, असंही. रात्री फोन आला तेव्हा आवाज जड होता. ते लिहिलेलं मी अजून जपून ठेवलंय. कुणी विचारलं की वाचायचं कशाला, तर ते पाठवते.

परवा सरांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. म्हटलं, तुमच्या पुतणीचं लग्न होतं ना, कसं झालं? म्हणाले, “झालं. केलं तिनंच. मुलगा चांगलाय, इंजिनीअर आहे. पण आपल्यातला नाही. घरातलं कुणी गेलं नाही.”

“तुम्ही?”

“मी कसा जाणार? भावाचं मन मोडून?”

मी गप्प बसले. पुस्तकाबद्दल असतं तर तुटून पडले असते. शेवट पटला नाही म्हणून याच माणसाशी मी रात्री दीडपर्यंत वाद घातलेला आहे. इथे मला एक वाक्य सुचेना. आता विचार करते तर वाटतं, २१७ ने ‘अरेरे’ लिहिलं एवढंच मला माहीत. त्याच्या घरी परसदारी कुणाचा कप वेगळा ठेवलेला होता की नव्हता, मला काय ठाऊक? आणि आमच्या घरी आजी होती तोवर होता, हे मी तरी कुठे कुणाला सांगितलंय?

सर पलीकडून म्हणाले, “बरं, तो नवीन कथासंग्रह पाठवणार होतात. किती ग्रॅम आहे?”

मी उठले, काट्यावर ठेवलं. तीनशे चाळीस.

“वरच्या दरात जाणार म्हणजे,” सर म्हणाले. “पाठवा तरी.”

काल टाकलं पोस्टात.