तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या गाडीला क्रूझ कंट्रोल बसवावे का?

गाडी जुनी आहे पण उत्तम चालते, लांबच्या प्रवासात ॲक्सिलरेटरवर ठेवून ठेवून उजवा पाय आखडतो, तर तिला नंतर क्रूझ कंट्रोल, म्हणजे पाय न ठेवता ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी यंत्रणा, बसवून घेता येईल का, असा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. घेता येते, आणि नीट बसवले तर ते वर्षानुवर्षे चांगले काम देते. मात्र विचारणारे बहुतेक जण ते वेग किती अचूक धरते याची चौकशी करतात. मला त्याहून अधिक महत्त्वाचे वाटते ते धरलेला वेग ते किती खात्रीने सोडते हे.

गाडी जुनी असणे हा यात अडथळा नाही. लहानपणी दृष्टी गमावलेल्या राल्फ टीटर या अमेरिकी अभियंत्याला या यंत्रणेचे पेटंट १९५० मध्ये मिळाले आणि १९५८ च्या क्रायस्लर इम्पीरियल गाड्यांत ती प्रथम आली, म्हणजे गाडीत संगणक येण्याच्या कितीतरी आधी. ज्या गाडीत ॲक्सिलरेटरपासून थ्रॉटलपर्यंत, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेपर्यंत, तारेची केबल जाते, तिथे एक दुसरी केबल जोडून थ्रॉटल ओढण्याचे काम एका सर्व्होकडे, म्हणजे केबल ओढणाऱ्या छोट्या यंत्राकडे, द्यायचे, इतकेच मुळात करायचे असते. हा सर्व्हो विजेच्या मोटरवर तरी चालतो किंवा इंजिनाच्या व्हॅक्यूमवर (हवा शोषल्याने तयार होणाऱ्या पोकळीवर) तरी. व्हॅक्यूमवरचा असेल तर चढावर थ्रॉटल जास्त उघडताच व्हॅक्यूम घटतो आणि नेमका गरजेच्या वेळी सर्व्हो ढिला पडतो, म्हणून त्याला एकमार्गी झडप असलेली साठवणटाकी जोडावी लागते. टर्बो पेट्रोल इंजिनात दाब चढल्यावर व्हॅक्यूम उरतच नाही, आणि डिझेल इंजिनात तो बहुधा वेगळ्या पंपाने तयार केलेला असतो. अशा गाड्यांना मी मोटरचा सर्व्होच सुचवतो. वेग कळण्यासाठी गाडीच्या वेगसंवेदकाचा सिग्नल घेतात, आणि तो नसेल तर फिरणाऱ्या शाफ्टवर चुंबके बसवून शेजारी कॉइल ठेवतात.

आता सोडण्याविषयी. ब्रेकच्या पेडलला स्पर्श होताच सर्व्होने थ्रॉटल सोडले पाहिजे, आणि त्यासाठी एका वायरवर विसंबून राहणे मला मान्य नाही. ब्रेकच्या दिव्याच्या स्विचकडून येणारा सिग्नल हा पहिला मार्ग. व्हॅक्यूमच्या संचात पेडलपाशीच एक यांत्रिक झडप बसवता येते, जी पेडल दाबताच सर्व्होतला व्हॅक्यूम थेट मोकळा करते आणि तिला विजेची गरजच नसते. ती झडप संचासोबत आलेली असेल तर काम वाचवण्यासाठी ती कोणालाही गाळू देऊ नका. काही संचांत तर नियंत्रकाचे, म्हणजे सर्व्होला हुकूम देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचे, अर्थिंग ब्रेकच्या दिव्यांच्या फिलामेंटमधूनच होते, त्यामुळे जुने बल्ब काढून एलईडी लावले की क्रूझ कंट्रोल एकाएकी लागेनासे होते आणि मेकॅनिक उगाच नियंत्रकावर संशय घेत बसतो. ही रचना गैरसोयीची वाटली तरी मला ती आवडते, कारण दिव्यांची वायर तुटली तर यंत्रणा सुरूच होत नाही. बिघाड झाल्यावर वेग धरून ठेवण्यापेक्षा न धरणे केव्हाही बरे.

हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत क्लचलाही स्विच हवाच. क्रूझ चालू असताना क्लच दाबला की इंजिनावरचा भार जातो, गाडीचा वेग उतरू लागतो, तो सावरण्यासाठी सर्व्हो थ्रॉटल आणखी उघडतो आणि इंजिन सुसाट फिरू लागते. म्हणून नियंत्रकाला इंजिनाच्या फेऱ्यांचाही सिग्नल द्यावा, म्हणजे फेऱ्या अचानक वाढताच तो स्वतःहून बाजूला होतो.

ज्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला केबल नसून संवेदक असतो, त्यांत काम बरेच सोपे होते. पेडलच्या जोडणीत मध्ये एक मॉड्यूल बसते आणि पाय ठेवल्यासारखे व्होल्टेज ते इंजिनाच्या संगणकाला पुरवते. संच मात्र तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला असावा. केवळ थ्रॉटल एका जागी अडकवून ठेवणारी साधने क्रूझ कंट्रोल म्हणून विकली जातात, ती कृपया घेऊ नका. त्यांना वेग कळत नाही आणि उतारावर गाडी वेग घेतच राहते.

संच घेण्याआधी एक तपासणी घरीच करता येते. इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण दाबा आणि झटकन सोडा. थ्रॉटल जागच्या जागी खटकन परत यायला हवा. तो रेंगाळत असेल, केबल अडखळत असेल किंवा परत ओढणारी स्प्रिंग ढिली झाली असेल, तर आधी तो खर्च करा. नवी केबल जोडल्यावर तिला किंचित ढील ठेवावी आणि ती एक्झॉस्टच्या उष्णतेपासून दूर न्यावी. काम झाल्यावर मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर मध्यम वेगाला क्रूझ लावून ब्रेक फक्त दिवा लागेल इतका दाबून पाहा, मग पुन्हा लावून क्लच, आणि शेवटी मुख्य स्विच. या तिन्हींपैकी कोणत्याही एका वेळी जरी थ्रॉटल तत्काळ सुटला नाही, तरी ती गाडी क्रूझ कंट्रोलची केबल काढूनच घरी आणावी.