सगळे पर शाबूत

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. पहाटे अमेरिकेतल्या अल्पीनाच्या धक्क्यावर पोचले तेव्हा बोटीच्या दोरांवर बर्फाचा पापुद्रा धरला होता आणि कॅप्टन हवामानाचा रेडिओ कानाशी धरून उभा होता. दुपारनंतर वायव्येचा वारा सुटणार होता. ह्युरॉन सरोवरावर नोव्हेंबरातला वारा कुणी हलक्यात घेत नाही. १९१३ साली याच महिन्यातल्या वादळात इथल्या सरोवरांमध्ये अडीचशेहून जास्त माणसं गेली, आणि सर्वांत जास्त जहाजं ह्युरॉनमध्येच बुडाली. पण जाळी आदल्या संध्याकाळी टाकलेली होती. ती काढायलाच हवी होती.

मी मूळची हर्णैची. बाबांची होडी होती. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले आणि गेली काही वर्षं मिशिगन राज्यात लेक ट्राउट नावाच्या माशाच्या गणतीचं काम करते. सरोवर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तळं येतं. ह्युरॉन जवळपास ५९,६०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राचा पाचवा हिस्सा. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा दर्यासारख्याच. फक्त ओठांना मीठ लागत नाही. पहिल्या वर्षी मला त्याचंच चुकल्यासारखं वाटायचं.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, कारण पावसाळा हा कितीतरी माशांचा विणीचा काळ. लेक ट्राउट थंडीच्या तोंडाशी वितो. पाणी गार होत गेलं की तो खोलातून वर खडपांवर येतो. रात्री नर अंगाने, शेपटीने दगड घासून स्वच्छ करतात, मादी अंडी सोडते आणि ती दगडांच्या फटींत जाऊन बसतात. हिवाळाभर तिथेच. सॅमनसारखा खड्डा हा मासा करत नाही, त्यामुळे खडपाच्या फटी मोकळ्या असणं हेच त्याचं घर.

या घरातून तो एकदा उठला होता. बेसुमार मासेमारी होतीच, त्यात कालव्यांच्या वाटेने समुद्री लॅम्प्रे आत शिरला. दिसायला वाम माशासारखा, पण जबडा नाही. गोल तोंडातल्या दातांनी चिकटतो, जिभेने भोक पाडतो आणि रक्त पितो. १९३०च्या दशकात तो ह्युरॉनमध्ये आला आणि पुढच्या वीसेक वर्षांत ट्राउट जॉर्जियन बे या ह्युरॉनच्याच उपसागराच्या एखाद-दुसऱ्या कोपऱ्यात तेवढा उरला. आमच्या कॅप्टनच्या आजोबांचा इथे ट्राउटचाच धंदा होता. त्यांनी जाळी गोठ्यात टांगली ती पुन्हा खाली काढली नाहीत.

पुढे नद्यांमध्ये लॅम्प्रेच्या पिल्लांवर औषध सोडायला लागले आणि १९७३ पासून सरोवराच्या मुख्य भागात हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेली ट्राउटची पिल्लं सोडली जाऊ लागली. ती जगली, वाढली, अंडीही घालू लागली. पण त्या अंड्यांतून पुढची पिढी काही दिसेना. एक मोठं कारण होतं एलवाइफ, तारलीच्या कुळातला, समुद्राकडून आलेला छोटा मासा. ट्राउट तो खाऊन गलेलठ्ठ व्हायचा, पण एलवाइफच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं. त्यामुळे आईच्या गाबोळीत, म्हणजे पोटातल्या अंड्यांत, बी-१ पुरेसं उतरत नसे आणि पिल्लं अंड्यांतून बाहेर पडली तरी कलंडून मरत. त्यातून वाचलेल्या इवल्या पिल्लांना एलवाइफ स्वतःच गिळत. २००३-०४ च्या सुमारास ह्युरॉनमधला एलवाइफ कोसळला. त्यानंतर सरोवरातच जन्मलेले ट्राउट जाळ्यात दिसू लागले.

ते ओळखायचे कसे? परांवरून. हॅचरीतून सोडताना पिल्लाचा एखादा पर कापतात. बहुतेक वेळा पाठीवरचा मोठा पर आणि शेपटी यांच्या मधला, करंगळीच्या पेराएवढा मांसल पर. बऱ्याच पिल्लांच्या नाकाडात मिलिमीटरभर लांबीची तारही घालतात. सगळे पर शाबूत आणि तार नाही, तर मासा इथलाच. पहिल्या वर्षी मी एक चूक केली होती. छातीचा पर अर्धवट कापला गेला तर तो वाकडातिकडा पुन्हा वाढतो. असा एक मासा मी 'शाबूत' म्हणून लिहिला आणि माझ्या वरिष्ठांनी तो माझ्यासमोर परत मोजला. तेव्हापासून मी पर बघताना हातमोजा काढते. गारठ्याने बोटं बधिर झाली तरी काट्यातला बाक अंगठ्याला कळतो.

त्या दिवशी पहिलं जाळं वर यायला लागलं आणि मासे एकामागून एक येतच राहिले. पाठ काळपट हिरवी, तिच्यावर सायीच्या रंगाचे ठिपके, खालच्या परांना पांढरी कड, विणीच्या दिवसांत नरांच्या कुशीवर उमटणारा काळा पट्टा. मी मासा जाळ्याच्या आसातून, म्हणजे डोळ्यातून, सोडवायची, अंगठा परांवरून फिरवायची, मग डिटेक्टरची कांडी नाकाडाजवळून न्यायची. तार असली की बीप वाजतो. पहिला मासा, आवाज नाही. दुसरा, नाही. पाचवा, सहावा, आठवा. पर सगळे शाबूत, कांडी गप्प.

मला आनंद झाला नाही. मला वाटलं, कांडी बिघडली.

"पुन्हा फिरव," कॅप्टन म्हणाला. पुन्हा फिरवली. शेवटी डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेली नमुन्याची तार काढून तिच्यावर कांडी धरली. खणखणीत बीप. म्हणजे कांडी ठीक होती. लगेचच्या माशाचा पाठीवरचा छोटा पर नव्हता आणि तो वाजलाही. तेव्हा कुठे आधीच्या आठांवर माझा विश्वास बसला. मी त्या बिनआवाजाच्या रकान्यात काड्या मारत गेले आणि पान भरलं.

कॅप्टनने इंजिन मंद ठेवलं, स्वतःचा जाड मोजा दातांनी ओढून काढला आणि पुढच्या माशाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. काही बोलला नाही. सुकाणूकडे परत जाताना त्याने मोजा पुन्हा घातला नव्हता.

शेवटच्या जाळ्यात एक मोठी मादी होती. कुशीवर लॅम्प्रेच्या जुन्या, भरून आलेल्या दोन गोल खुणा. तिचेही पर सगळे शाबूत. आस कल्ल्यात रुतून ती रात्रीतच मेली होती. उचलताना तिची पिकलेली गाबोळी माझ्या मनगटावर सांडली, वाटाण्याएवढी पिवळट अंडी. लहानपणी आईने तव्यावर परतलेली गाबोळी मी हावरटासारखी खाल्लेली आहे. इथे मला ती हातावरून पुसवेना. वारा चढायला लागला होता, कॅप्टन घाई करत होता. मी बाहेर वाकून हात पाण्यात धरला.

रात्री आठला बाबांना फोन लावला. हर्णैला सकाळचे साडेसहा.

"किती मिळाले?"

"मोजायला गेलो होतो बाबा, धरायला नाही."

"ते ठाऊक आहे गो. आपले किती, सोडलेले किती?"

'आपले' हा शब्द त्यांनीच वापरला. मी आकडे सांगितले. ते बराच वेळ होडीचं, पापलेटचं, लहान आसाच्या जाळ्यांनी पोरकी झालेल्या बंदराचं बोलत राहिले.

माशाच्या कानात, डोक्याच्या आत, चुन्याचे खडे असतात. त्या मादीचे मी ठेवले होते. आपल्या घोळ माशाच्या मानाने ते फारच लहान, तांदळाच्या कणीसारखे. जानेवारीत एक कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलयं. मी तीनदा मोजली. अठरा. एलवाइफ गेल्यानंतरच्या सुरुवातीच्या विणींतली होती ती.

कॅप्टनला फोन करून सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग त्याने विचारलं, "जाळ्यात आली नसती तर अजून किती जगली असती?"

लेक ट्राउट चाळिशीसुद्धा गाठतो. मी त्याला खरं तेच सांगितलं. अजून वीस वर्षं.