पंक्तीला शिक्रा

पौषातील दुपारी ग्रिलला टांगलेल्या मातीच्या थाळीत बाजरी टिपणाऱ्या चिमण्यांचे भांडण ऐन रंगात आले होते आणि एकाएकी सगळा कलकलाट थांबला. समोरच्या आंब्याच्या दाट पाल्यातून शिक्रा सुटला, कुंपणाच्या उंचीने सरळ आला आणि घाबरून उडालेल्या एका चिमणीला घेऊन गेलासुद्धा. जी जागच्या जागी थिजून बसली होती, ती वाचली.

शिक्रा जेमतेम कबुतराएवढा. शिकारीसाठी तो घारीसारखा उंच घिरट्या घालत नाही, पानांआड दबा धरून बसतो, आणि आखूड पंख व लांब शेपटीच्या जोरावर फांद्यांमधून लीलया वळतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटर रान हाकेच्या अंतरावर असताना त्याला माझीच थाळी दिसावी, याचा मला राग आला.

शेजारच्या काकूंचे म्हणणे पडले, "दाणे टाकणे बंद करा, तुम्हीच त्याला जेवायला बोलावता." अमेरिकेत हिवाळ्यात अंगणात दाणे टांगणाऱ्यांनाही कूपर्स हॉक हा शिकारी पक्षी असाच छळतो आणि तेथील जाणकारही काही दिवस दाणे बंद ठेवायला सांगतात, म्हणजे पाखरे पांगतात व तोही दुसरीकडे जातो. काकूंनी हे कुठे वाचले असेल असे वाटत नाही.

मला मात्र आजोळचे खळे आठवले. मे महिन्यात आम्ही मुले कोकणात गेलो, की घारीवर लक्ष ठेवण्याचे काम आमच्याकडे असे. सावली दिसताच कोंबडी विशिष्ट आवाज काढून पिल्लांना पंखांखाली घेई आणि आम्ही पत्र्याचे डबे बडवत, घारीला शिव्या देत खळाभर धावत असू. एकदा एक पिल्लू गेले तेव्हा मी रात्री जेवलो नाही. पुढे तीच कोंबडी आजीने पाहुण्यांसाठी शिजवली. वड्यांबरोबर तो रस्सा मी दोनदा मागून घेतला आणि त्या वेळी कोणी डबे बडवले नाहीत.

हे आठवल्यावर शिक्र्याला दोष देण्याचे तोंड उरत नाही, हे कळते. त्यालाही पिल्ले असतील, तोही उपाशी असेल वगैरे सगळे मान्य आहे. तरी हल्ली आंब्याच्या पाल्यात काही हलले, की मी टाळ्या वाजवतो. बाजरीही रोज घालतो.