थँक्यू का म्हणाले?

गुरुवार, १८ डिसेंबर. रात्रीचे पावणेबारा.

झोप येत नाही. कारण सांगितलं तर कुणीही हसेल, म्हणून यांनाही सांगितलं नाही. हे घोरतायत.

संध्याकाळी समोरच्या वहिनी आल्या होत्या, नव्या सुनेला घेऊन. मी घंगाळात वाळू भरून सुरूची फांदी उभी करत होते. पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात भरलेले, आणि फांदी काही केल्या सरळ राहायला तयार नव्हती. वहिनी दारातूनच सुनेला म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते? काकूंकडे डिसेंबरात आलं ना, की अगदी फॉरेनला गेल्यासारखं वाटतं." सून गोड हसली. आणि मी म्हणाले, "थँक्यू."

एवढंच. मग चहा झाला, सुनेच्या माहेरची चौकशी झाली, तिनं नाताळच्या गोठ्याचे दोन फोटो काढले, दोघी गेल्या. कप विसळताना काहीतरी टोचलं. आधी वाटलं सुरूची सुई असेल बोटात.

वहिनींचं काही चुकलं नाही. मनापासून म्हणाल्या त्या. टोचतंय ते माझं थँक्यू. फॉरेन कुठलं हो, असं हसत म्हणता आलं असतं. तोंडावर होतंही. पण त्याऐवजी थँक्यू म्हणाले, तेही असं चटकन, जणू हेच ऐकायला इतकी वर्षं घर सजवतेय.

फॉरेन म्हणजे कुठलं फॉरेन? घंगाळ जुन्या बाजारातलं. गेल्या वर्षी एका बुधवारी मंगळवार पेठेत ताडपत्रीवर पडलेलं दिसलं, गाड्यांचे आरसे आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या मधोमध, काळंठिक्कर. पंचवीसशे म्हणाला, अठराशेला दिलं. रिक्षावाल्यानं वर तीस रुपये जास्त घेतले, घंगाळ बसलं म्हणून. घरी आणून चिंच-मीठ लावलं, दोन दिवस हात दुखले. मग काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं वर आली: 'चि. सौ. कां.', मग नाव, मग 'हिस मामांकडून'. नाव तेवढं वाचता येत नाही. कडी नेमकी तिथंच लागते. उचलून ठेवताना दरवेळी तिथंच आपटत राहिली असणार. मामांचं प्रेम शिल्लक आहे, भाचीचं नाव गेलं. कुणाच्या तरी रुखवतातलं घंगाळ. त्यात आंघोळीचं पाणी निघालं, बाळंतिणीचंही निघालं असेल, मग कुणीतरी मोडीत काढलं आणि मी त्यात नाताळचं झाड उभं केलं. आता हे फॉरेन असेल तर मग बोलायलाच नको.

गोठ्याचं तर विचारूच नये. आंब्याच्या पेटीच्या फळ्यांचा तो गोठा, आणि गवतही त्याच पेटीतलं, देवगडच्या. मे महिन्यापासून पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलं होतं. हे दर पावसाळ्यात विचारतात, "हे काय साठवलंयस, म्हैस आणणार आहेस का?" बैल पोळ्याचा, एक शिंग गेलेला. मरीया आणि योसेफ तेवढे विकतचे, कॅम्पातून आणलेले. बाळ येशू ताईनं दिलेला, तो योसेफाच्या मानानं जरा मोठाच आहे. मेंढपाळ म्हणजे किल्ल्यावरची चित्रं. दिवाळी उलटली की कुंभार उरलीसुरली काढून टाकतो, दहा रुपयांना एक. दोन गवळणी आहेत, एक शेतकरी, आणि एक मावळा. मावळ्याच्या हातचा भाला मोडलाय, नुसती काठी उरलीय, त्यामुळे तो मेंढपाळ म्हणून खपून जातो. ढाल मात्र लपत नाही. बाळाला भेटी घेऊन आलेल्या तीन मागींपैकी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांपैकी, एक हरवला आहे तीन वर्षांपूर्वीच. त्याच्या जागी किल्ल्यावरचा वाणी बसवलाय, फेटा घातलेला, पुढ्यात तराजू. सोनं, ऊद, गंधरस आणलंय म्हटल्यावर कुणीतरी मोजायला नको?

आणि दिव्यांच्या माळा! त्या तर वहिनींच्याच. गणपती उठले की गुंडाळून त्या स्वतः आणून देतात, "तुमच्या नाताळपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या" म्हणून. म्हणजे त्यांच्याच माळा माझ्या भिंतीवर लागल्या की फॉरेनच्या होतात.

हे सगळं त्यांना सांगायला हवं होतं.

पण ते नुसतं घंगाळाचं आणि गवताचं नाहीय ना. आयुष्यभर ऐकत आलेय. "तुमचं मराठी किती छान आहे हो." शाळेत बाईंनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी पाचवीत होते, आणि तेव्हाही मला बक्षीस मिळाल्यासारखंच वाटलं होतं. "तुम्ही गोव्याचे का?" नाही हो, नगरचे. "नाही, पण मूळचे?" मूळचेही नगरचेच. नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ साली. आमच्या घरात बायबल त्यानंतर पन्नासेक वर्षांनी आलं, असं पपा सांगायचे. ते घर बाजरीची भाकरी खाऊन ओव्या म्हणायचं. पुढे त्याच घरात रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं टाळ-मृदंगावर म्हटली जायची. आईनं जन्मात कधी केक केला नाही. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, आणि दारात पपांनी कामट्यांचा बांधलेला तारा, ज्याला दरवर्षी नवा कागद लागायचा. तो तारा अजून आहे. माझ्याच खिडकीत आहे. नगरच्या घरातून मी तो आणि काचेचे गोळे, तेवढंच आणलं. बाकीचं ताईनं... जाऊ दे, ते आज नको.

आणि इतकं सगळं असून दरवर्षी डिसेंबर आला की मी माझ्याच बैठकीच्या खोलीत पाहुणी होते. कुणीतरी येतं आणि मला लांबच्या देशात नेऊन बसवतं, आणि मी थँक्यू म्हणते.

फॉरेन काय असतं ते मला नीट माहीत आहे म्हणावं. थोरल्याला मघाशी झाडाचा फोटो पाठवला. अंगठा आला. तिकडे दुपार असेल, कामात असेल. त्याच्याकडे झाड खोक्यातून निघतं, फांद्या छत्रीसारख्या उघडायच्या, दिवे आधीच लावलेले. "आई, वीस मिनिटांत होतं," म्हणाला होता गेल्या वर्षी. मला चार दिवस लागतात. या वर्षी तो येणार नव्हताच, ठरलेलंच होतं.

पाणी पिऊन आले.

आता जरा गंमत वाटतेय. मघाशी रागाच्या भरात वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले, देशी आणि फॉरेन. म्हटलं, एकदाचं लिहूनच काढू, उद्या वहिनींना तोंडपाठ म्हणून दाखवू. पहिलीच नोंद सुरूची. देशी म्हणून लिहिली आणि आठवलं, यांनीच कधीतरी सांगितलं होतं, सुरू मुळात ऑस्ट्रेलियाकडचं. १८६८च्या सुमारास इंग्रजांनी कारवारच्या किनाऱ्यावर लावलं, रेल्वेच्या इंजिनांना जळण पाहिजे म्हणून. खोडलं. झाड सजवायची रीत जर्मन, ते कबूलच. पण इंग्रजांच्याही घराघरात ती पसरली १८४८ नंतर, राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र छापून आलं तेव्हा. म्हणजे त्यांच्याकडेही ती फॉरेनचीच. तिथेही कुणी शेजारीण दारात उभी राहून म्हणाली असेल, अगदी जर्मनीला गेल्यासारखं वाटतं हो.

गोठा इटलीचा. १२२३ साली ग्रेच्चो नावाच्या गावात संत फ्रान्सिसनं खराखुरा बैल आणि खरंखुरं गाढव आणून उभं केलं. लूकच्या शुभवर्तमानात बैल नाहीच. तिथं नुसतं बाळंतं आहे, गव्हाणी आहे, आणि उतारशाळेत जागा नव्हती एवढं आहे. पपा तर गोठा मांडूच देत नसत, "तो कॅथलिकांचा" म्हणायचे. मी तो वसईच्या मैत्रिणीकडे पाहिला आणि लग्नानंतर पहिल्याच वर्षी मांडला. म्हणजे आमच्याच घरात गोठा एकदा फॉरेनचा होऊन गेलाय. तेव्हा सासूबाईंनी नाक मुरडलं होतं आणि मी चार दिवस रुसले होते. ते बरं विसरायला होतं.

बाजाची पेटी, जिच्यावर रविवारी उपासनेला आमची आणि गुरुवारी भजनी मंडळात वहिनींची पदं होतात, ती मुळात पॅरिसची. काचेचे गोळे पपांच्या वेळचे, बाराचे सहा राहिले, कुणा मडमेनं जाताना दिलेले. ते फॉरेनच, सरळ. आतली चांदी सुटून आता त्यांत तोंड दिसत नाही, नुसता पिवळसर उजेड दिसतो, आणि तसेच ते मला जास्त आवडतात. मेणबत्त्या ज्या बिनकानाच्या कपांत लावते ते कपसुद्धा जुन्या बाजारातले, उलटं करून पाहिलं तर खाली इंग्रजी शिक्का. रकाना भरत चालला आणि माझा खटला पडत चालला.

मग खुनशीपणानं वहिनींच्या एकादशीकडे वळले. साबुदाण्याची खिचडी: ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिथलाच, बटाटा तिथलाच, मिरचीही तिकडचीच, मेक्सिकोकडची. म्हणजे दर एकादशीला वहिनी फॉरेनला जातात आणि त्यांना कुणी सांगतही नाही. हे लिहून एकटीच इतकी हसले की यांनी कूस बदलली.

पण हे काही वहिनींना सांगायचं नाही. त्यांची खिचडी मी दर एकादशीला हक्कानं खाते.

आता खोलीभर नजर टाकली तर खरं सांगायचं, दिसतं जरा फॉरेनसारखंच. लाल-हिरवे दिवे, गोळे, कप, आणि त्या दोरीवर चिमट्यांनी लावलेली कार्डं. ती कार्डं मला आलेली नाहीत. तीसुद्धा बाजारातली, दहा रुपयांत मूठभर. दुसऱ्यांना दुसऱ्यांनी पाठवलेली. आता कार्डं पाठवतं कोण? म्हणून मी विकत आणते. बहुतेकांत नुसतं नाव. एकात शाईनं लिहिलंय, '१९८३, पुढच्या वर्षी नक्की येतो.' ते मी उलटं लावलंय, चित्राची बाजू पुढे. चित्रात बर्फ आहे.

बर्फ! पुण्यात पंख्याखाली बसून बर्फाचं चित्र टांगायचं आणि वर फॉरेन म्हटलं की टोचून घ्यायचं. मी पण कमालच करते.

तरी थँक्यूचं अजून पूर्ण गेलेलं नाही. ते असं आहे की... नाही, सुचत नाही. कौतुक हवं असतं माणसाला. ज्या शब्दात मिळेल त्या शब्दात घेऊन टाकतं. जुन्या बाजारात कशी वस्तू घेतो, तशी. पोचा असला तरी चालतो, तो बाहेर आल्यावर उन्हात दिसतो.

एक गोष्ट आत्ता आठवली, मघाशी टोचण्याच्या नादात राहूनच गेली. वहिनी चहाचं आधण बघायला माझ्या मागे आत आल्या, तेव्हा सून गोठ्यापाशी उकिडवी बसली होती. फोटो काढून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "काकू, हा मावळा इथं काय करतोय?" मी आतूनच म्हटलं, "राखण." ती म्हणाली, "मग तोंड बाहेर पाहिजे ना याचं." आणि तिनंच तो फिरवला. आत्ता जाऊन पाहिलं, खरंच बाळाकडे पाठ करून दाराकडे बघत उभा आहे, ढाल पुढे. शोभतोय.

ते पाहून मलाही सुचलं, घंगाळ फिरवावं. 'मामांकडून' दाराकडे आलं तर उद्या करंज्यांचा डबा घ्यायला येतील त्यांना समोरच दिसेल. वाळूनं जड झालेलं, पायानं रेटत रेटत अर्धं फिरवलं. फांदी कलली आणि एक गोळा गडगडत सोफ्याखाली गेला. फुटला नाही. परत फिरवलं. आता अक्षरं भिंतीकडे आहेत आणि फांदी सरळ आहे.

खोबरं किसायचं राहिलंय. सकाळी लवकर उठायला हवं.