चुरा

इंग्लंडमधल्या लीड्सच्या कर्कगेट मार्केटमध्ये एका दुपारी मी चिप्सच्या, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या जाड कापांच्या, रांगेत उभा होतो. कौंटरपलीकडच्या बाईंनी ओंजळभर चिप्स कागदावर ओतल्या, मिठाचा डबा दोनदा झटकला, व्हिनेगरची बाटली उपडी केली आणि मान वर न करता विचारले, "स्क्रॅप्स, लव्ह?" लव्ह म्हणवून घेण्याची सवय मला पहिल्या चार दिवसांतच झाली होती, यॉर्कशायरमध्ये बसचालकापासून फुलवालीपर्यंत कोणीही कोणालाही असे म्हणते, आणि उत्तरेला न्यूकॅसलला गेले की त्याचेच 'पेट' होते. आपल्याकडेही भाजीवाली "घे रे राजा" म्हणते, तेव्हा आपण कुठे राजे असतो? मी अडलो तो स्क्रॅप्सपाशी. स्क्रॅप म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर भंगाराची हातगाडी येते. मागून लेक म्हणाली, "बाबा, हो म्हणा. चुरा आहे."

आणि खरोखरच तो चुरा होता. मासा पिठात बुडवून कढईत सोडताना पिठाचे जे थेंब सुटे होतात आणि तळून सोनेरी होऊन तरंगतात, ते झाऱ्याने गोळा करून बाजूला ठेवलेले असतात. मागणाऱ्याला ते फुकट मिळतात. लीड्सला त्यांना स्क्रॅप्स म्हणतात, कोणी बिट्स म्हणतात. मी त्यांतला एक तुकडा तोंडात टाकला आणि त्या बाजारात, जेथे १८८४ साली मायकेल मार्क्स नावाच्या निर्वासिताने एकेका पेनीच्या वस्तूंचा ठेला मांडून पुढच्या मार्क्स अँड स्पेन्सरची सुरुवात केली, तेथे उभा असलेला मी थेट लालबागला आमच्या चाळीच्या तोंडाशी जाऊन पोहोचलो.

चुरा मागण्याचीही एक रीत होती. पहिली पाळी सुटून वड्याच्या गाडीभोवतीची गर्दी ओसरेपर्यंत थांबायचे, ओळखीचे मोठे माणूस आसपास नाही हे पाहायचे, आणि वर्तमानपत्राचा कागद आपला आपण आणून पुढे धरायचा. वडेवाला काही न बोलता झारा उपडा करायचा, कधी मनात आले तर वर लसणीची चटणी भुरभुरायचा. पुरा वडापाव मात्र वडिलांच्या पगाराच्या दिवशीच. वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. त्या दिवशी ते आम्हा भावंडांना एकेक वडापाव घेऊन देत, स्वतः एक खात, आणि शेवटी कागदाची पन्हाळ करून उरलेला चुरा तळहातावर न घेता सरळ तोंडात सोडत. आई म्हणे, "मुलं बघतायत." ते म्हणत, "बघू देत की, शिकतील."

लेकीने मला उत्तर इंग्लंड दाखवायचे ठरवले होते आणि तिची यादी नेटकी होती. यॉर्कला बेट्टीजमध्ये चहा, लिव्हरपूलला नदीवरची फेरी, न्यूकॅसलला ग्रेंजर मार्केट. मी सगळीकडे गेलो, सगळीकडे बरे वाटले. बेट्टीजच्या दाराशी रांगेत उभे राहिल्यावर तर आपण दर्शनाला आलो आहोत असेच वाटले. पण खरे सांगायचे तर त्या दुपारनंतर मी प्रत्येक गावात एकच गोष्ट शोधत होतो. पावात बटाटा घालून खाणारे लोक जगात आपणच एकटे नाही, हे एकदा कळल्यावर दुसरे काही पाहण्यात माझे मन लागेना.

तेथे त्याला चिप बटी म्हणतात. लोणी लावलेल्या पावात तळलेला बटाटा, पिठात पिष्ट. आहारतज्ज्ञाला घेरी यावी असा हा बेत भुकेल्या माणसाला मात्र फार पूर्वी सुचलेला आहे. पावाचे नाव मात्र गावागणिक बदलते. लीड्सला तो ब्रेडकेक, शेजारच्या ब्रॅडफर्डला टीकेक, डोंगर ओलांडून मँचेस्टरला गेले की बार्म, आणि न्यूकॅसलला चपटा, घट्ट, थाळीएवढा स्टॉटी. यांतले टीकेक सर्वांत फसवे, कारण इतर ठिकाणी त्याच नावाखाली मनुका घातलेला गोड पाव मिळतो. प्रत्येक गावाला आपलेच नाव खरे वाटते आणि दुसऱ्याचे हास्यास्पद. माशाचीही तीच गत: यॉर्कशायर हॅडॉकवर ठाम, लँकेशायर कॉडवर. पापलेट की सुरमई या वादात मी वाढलो असल्यामुळे मध्यस्थी करण्याच्या भानगडीत पडलो नाही.

व्हिनेगरशी माझे अजून जमलेले नाही. एवढ्या निगुतीने कुरकुरीत तळायचे आणि मग त्यावर आंबट पाणी ओतायचे, हे मला पटत नाही. पण चुऱ्यावर तेच व्हिनेगर पडले की भेळेच्या तळाशी राहिलेल्या घासाची चव येते, एवढे कबूल करायला हवे. शिवाय एक अडचण होती, ती वाचकांच्या केव्हाच ध्यानात आली असेल. यॉर्कशायरमध्ये जुन्या पद्धतीची दुकाने गोमांसाच्या चरबीत तळतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. त्यामुळे दुकानात शिरण्याआधी लेक "तळण कशात?" हे विचारून घेई, आणि मी दाराबाहेर पाटी वाचण्याचे सोंग करीत उभा राहत असे. मार्केटमधल्या बाईंकडे वनस्पती तेल होते. ब्रॅडफर्डला दक्षिण आशियाई वस्ती मोठी, त्यामुळे तेथे तर हा प्रश्न विचारायचीही फारशी वेळ येत नाही.

मासे आणि चिप्स एकत्र विकण्याचा मान लंडन आपल्याकडे घेते, पण लँकेशायरचे लोक मॉस्ले या गिरणीगावच्या बाजारातल्या जॉन लीसचे नाव पुढे करतात, आणि वर्ष सांगतात १८६३ च्या सुमाराचे. ते वर्ष ऐकून मी थबकलो. १८६१ ते १८६५ हा अमेरिकेतल्या यादवीचा काळ. तिकडचा कापूस येईनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, मजुरांच्या घरी चुली पेटेनात. आणि तोच कापूस आपल्याकडून मागवावा लागल्याने मुंबईचे कापूसवाले रातोरात कोट्यधीश झाले. आखूड धाग्याचा सुरती कापूस साच्यावर सारखा तुटे, म्हणून "देवा, कापूस पाठव, पण सुरती नको" अशी प्रार्थना तेथले मजूर करीत, असे सांगतात. भुकेल्या गिरणीगावात स्वस्त, गरम आणि पोटभरीचे काही तरी कागदात बांधून मिळणे म्हणजे काय, हे परळ-लालबागच्या माणसाला समजावून द्यावे लागत नाही. दादरला १९६६ च्या सुमारास वडा पावात गेला असे म्हणतात, तो मोकळ्या हवेत उभ्याउभ्या खाऊन पाळीवर जाणाऱ्यांसाठीच. दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ प्रत्येक पदार्थावर शिधापत्रिकेची मर्यादा आली, पण मासे आणि चिप्स ब्रिटिश सरकारने मोकळे ठेवले. कोणाच्या पोटावर देश चालतो, हे सरकारला कधी कधी कळते.

ब्रॅडफर्डजवळ सॉल्टेअरला टायटस सॉल्टने १८५३ मध्ये उघडलेली लोकरीची गिरणी आहे, आणि भोवती कामगारांसाठी त्याने बांधलेले अख्खे गाव. घरे, चर्च, शाळा, सारे दिले. दारूचा गुत्ता मात्र दिला नाही. आता त्याच गावात 'डोन्ट टेल टायटस' नावाचा बार निघाला आहे. गिरणी १९८६ साली बंद पडली. तिच्या लांबलचक दालनांत आज डेव्हिड हॉक्नीची चित्रे, पुस्तकांचे दुकान आणि वर एक उपाहारगृह आहे. तेथे मी सूप घेतले आणि उगाच वर पाहत बसलो, यंत्रे फिरवणाऱ्या पट्ट्यांचे दंड छताला कोठून कोठे गेले असतील ते शोधत.

मँचेस्टरला विज्ञान आणि उद्योगाच्या संग्रहालयात जुनी यंत्रे आहेत. तेथे एक शब्द मला मिळाला: मीमॉइंग. विणकामाच्या शेडमध्ये साच्यांचा आवाज इतका असे की शेजारच्या बाईचे ओरडणेही ऐकू जात नसे. म्हणून लँकेशायरच्या विणकर बायकांनी ओठ मोठमोठे हलवून, हातवारे करून बोलण्याची एक भाषाच तयार केली. पाळी सुटल्यावर रस्त्यातही त्या तशाच बोलत.

मी ते वाचले आणि पाटीसमोरून हललो नाही. आमचे वडील घरात असे बोलत. साध्या "पाणी दे" ला त्यांचा हात पेल्याचा आकार करून वर जाई आणि ओठ वाजवीपेक्षा जास्त उघडत. आवाज तर तीन खोल्यांपलीकडे जाई. आम्ही भावंडे त्यांची नक्कल करून हसत असू. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला. तो कधी संपला, हे आमच्या घरात कोणी सांगू शकत नाही. वडील कोकणात गावी गेले ते कायमचे. गावच्या निवांत अंगणातही ते त्याच आवाजात बोलत, आणि नवीन माणसाला वाटे की म्हातारा कशावर तरी रागावला आहे.

अँकोट्स हा मँचेस्टरचा जुना गिरण्यांचा भाग. लाल विटांच्या त्या उंच इमारतींत आता घरे आहेत आणि खाली खाण्याच्या जागा. आपल्याकडच्या फिनिक्स मिलचा मॉल पाहिलेल्या माणसाला यात नवल नाही. आम्ही अशाच एका ठिकाणी शेवटच्या दिवशी जेवायला बसलो. ओतीव लोखंडाचे खांब तसेच ठेवले होते, आणि पावाला येथे कोणतेच गावरान नाव नव्हते. मी लेकीला सांगत होतो की अँकोट्स हे सूत कातणाऱ्यांचे, विणकाम मुख्यतः उत्तरेकडे बर्नली-ब्लॅकबर्नला, म्हणजे तुझ्या आजोबांचे खाते येथे नसणार. ते असते तर तिकडे. संगीत मोठ्याने चालू होते, विटांच्या भिंतींवरून प्रत्येक आवाज परत येत होता. तिने टेबलावरून माझ्या हातावर हात ठेवला.

"बाबा, जरा हळू. सगळे बघतायत."

मी आवाज खाली आणला आणि पुढचे सांगू लागलो. तिने कानामागे हात धरला. तिला ऐकू येत नव्हते.