चेंडू हातात नसताना

२०१७ च्या उन्हाळ्यात आम्ही विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे इथे राहायला आलो. जेमतेम लाखभर वस्तीचं हे गाव, पण इथल्या लॅम्बो फील्ड या मैदानावर ऐंशी हजारांहून जास्त माणसं बसतात. इथला पॅकर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ कुणा एका शेठच्या मालकीचा नाही, सामान्य भागधारकांचा आहे. त्यामुळे किराणा दुकानात रांगेत उभं राहिलं तरी संघातल्या नव्या पोरांवर चर्चा सुरूच. मला हा खेळ शिकणं भाग पडलं आणि मग त्यात जीव गुंतला तो रनिंग बॅकमध्ये.

रनिंग बॅक म्हणजे क्वार्टरबॅककडून, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूकडून, चेंडू घेऊन समोरच्या गर्दीत घुसणारा. आपली कबड्डी पाहिलेल्या माणसाला त्याचं कौतुक लगेच कळतं. चारी बाजूंनी पकडायला आलेल्या हातांतून अंग सोडवून आणखी दोन पावलं पुढे जायचं! फरक इतकाच, की इथे पकडणारे सव्वाशे-दीडशे किलोंचेही असतात.

इथे आयपीएलसारखा लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो, म्हणजे संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडतात. सात फेऱ्या, आणि आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड. रनिंग बॅकचं शरीर लवकर झिजतं, म्हणून पहिल्या फेरीतली मोलाची निवड त्याच्यावर घालवायला बरेच संघ तयार नसतात. तिसऱ्या ते पाचव्या फेरीत मात्र या जागेसाठी खरी शोधाशोध चालते. तिथे घेतलेल्या पोराशी चार वर्षांचा, त्या मानाने स्वस्त करार होतो. म्हणजे स्वतःला सिद्ध करायला त्याला मिळतात ती एवढीच वर्षं.

२०१७ मध्ये पॅकर्सनी असे तिघे घेतले. चौथ्या फेरीत, १३४ वा, जमाल विल्यम्स. पाचव्या फेरीत, १८२ वा, ॲरन जोन्स. सातव्या फेरीत डेव्हान्टे मेज. चाळीस यार्डांच्या, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरच्या धावण्याच्या चाचणीत विल्यम्सला ४.५९ सेकंद लागले होते आणि जोन्सला ४.५६. घड्याळावरून दोघांत निवड करणं अशक्य.

ऑक्टोबरमध्ये डॅलसविरुद्ध जोन्सने १२५ यार्ड काढले आणि मी त्याच्या प्रेमात पडले. पुढे त्याचा गुडघा दुखावला, विल्यम्सला संधी मिळाली आणि जोन्स बरा होऊन आल्यावरही विल्यम्स खेळतच राहिला. इथे धाव म्हणजे चेंडू घेऊन धावण्याची एक खेप. मोसम संपला तेव्हा जोन्सच्या ८१ धावांत ४४८ यार्ड होते, विल्यम्सच्या १५३ धावांत ५५६. एका धावेमागे साडेपाच यार्ड कुठे आणि साडेतीनच्या जरा वर कुठे! मला प्रशिक्षकांचा मनापासून राग यायचा.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. त्यांनी शाळेच्या मुलांना कित्येक वर्षं हा खेळ शिकवलाय. माझी तक्रार ऐकून ते म्हणाले, "पुढच्या सामन्यात चेंडूकडे बघूच नकोस. नुसता विल्यम्सवर डोळा ठेव."

डोळ्यांना ते फार जड जातं. सगळं मैदान एकीकडे धावत असतं आणि आपण मागे उभ्या असलेल्या एका माणसाकडे बघायचं. पण तेव्हा मला दिसलं. क्वार्टरबॅक फेकायच्या तयारीत असताना समोरून एखादा लाइनबॅकर, म्हणजे समोरच्या संघाचा बचावपटू, सुसाट येतो. तो कुठून येणार, हे रनिंग बॅकने चेंडू सुटायच्या आधी ओळखायचं, आडवं जायचं आणि छातीवर घ्यायचं. या कामाचा आकडा धावफलकावर येत नाही. विल्यम्स ते न चुकता करत होता. इथे एक चूक झाली तर संघाचा सगळ्यात महागडा माणूस जखमी होतो, आणि त्या वर्षी आमचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सचं गळपट्टीचं हाड मोडल्यावर संघाचे काय हाल झाले ते सगळ्या गावाने पाहिलं होतं.

सरासरीचंही तसंच. विल्यम्सच्या बऱ्याचशा धावा रॉजर्स नसतानाच्या. बदली क्वार्टरबॅकच्या फेकीची धास्ती नव्हती, म्हणून समोरचे रनिंग बॅकची वाट अडवून गर्दी करायचे. तरी मी जोन्सची बाजू पूर्ण सोडली नाही. न्यू ऑर्लिन्सविरुद्धचे त्याचे १३१ यार्डही रॉजर्सशिवायचेच होते. फट उघडायच्या आधीच तिचा अंदाज घेऊन थबकणं, मग एका पावलात दिशा बदलणं हे त्याच्याकडे पहिल्या वर्षापासून होतं. त्याला आणखी लवकर जास्त धावा द्यायला हव्या होत्या, हे माझं मत आजही कायम आहे.

मेजचं मात्र वाईट वाटतं. पहिल्या दोन्ही धावांत त्याच्या हातून चेंडू निसटला. त्या मोसमात त्याला एकूण चार धावा मिळाल्या. पहिल्या फेरीतल्या पोराला अशा दिवसानंतर पुन्हा संधी मिळते, कारण त्याच्यावर मोठी किंमत मोजलेली असते. सातव्या फेरीतल्या पोरासाठी तेवढं कोण थांबणार?

उरलेल्या दोघांनी पुढे काय केलं, ते सांगताना मला भरून येतं. २०१९ मध्ये जोन्सने धावून १६ टचडाउन केले, म्हणजे सोळा वेळा चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला. विल्यम्स करार संपल्यावर डेट्रॉइटला गेला आणि २०२२ मध्ये त्याने धावून १७ टचडाउन केले. त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक, आणि डेट्रॉइटकडून तिथला जुना रनिंग बॅक बॅरी सँडर्सच्या नावावर असलेला एका मोसमाचा विक्रमही त्याने मोडला. ज्याला मी साडेतीन यार्डांचा खेळाडू म्हणून निकालात काढलं होतं, तो हाच.

आता नवा पोरगा आला की मी त्याचं घड्याळ शेवटी बघते. आधी बघते, तिसऱ्या प्रयत्नाला, जेव्हा चेंडू फेकला जाणार हे सगळ्यांना माहीत असतं, तेव्हा प्रशिक्षक त्याला मैदानावर ठेवतात का. मग बघते, पहिला धक्का बसल्यानंतर तो किती पुढे जातो. ते यार्ड त्याचे स्वतःचे असतात, त्याआधीच्या यार्डांत त्याची वाट मोकळी करणाऱ्या पुढच्या आडदांड मंडळींचाही वाटा असतो.

२०२४ च्या सप्टेंबरअखेर जोन्स मिनेसोटाच्या जांभळ्या जर्सीत लॅम्बोवर परत आला. ३१-२९ ने आम्ही हरलो आणि त्याने ९३ यार्ड काढले. आजोबांच्या घरी आम्ही सामना बघत होतो. चेंडू दुसरीकडे गेलेला असताना मी मागे उभ्या जोन्सकडे बघत होते. आजोबांनी टीव्हीवरची नजर न हलवता विचारलं, "पाय कुठे रोवले त्याने, पाहिलंस?"

"पाहिलं," मी म्हणाले.