चौकटीची वही आणि एक स्वल्पविराम

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं शाळेचं पत्र आलं तेव्हा मला आधी आठवली ती चौकटीची वही. एका घरात एकच आकडा. दोन कोंबले की गणिताच्या सरांची पट्टी. गणित सुटलं तरी प्रश्न ठरलेला, "ताळा केला काय?" ताळा नसेल तर अर्धे गुण कट. 1964 च्या आमच्या मॅट्रिकच्या तुकडीनं सरांना मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते इथे छापण्यासारखं नाही.

1969 साली, नागपुरातच इंजिनिअरिंगला असताना, फोरट्रान ही संगणकाची भाषा शिकलो. संगणक नव्हता, फळा होता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 पासून सीडीसी 3600 नावाचा संगणक होता म्हणे. आम्ही त्याचं नाव तेवढं ऐकून होतो. आमच्या हातात आलं ते छापील कोडिंग शीट, आडव्या 80 घरांचं. पहिली पाच घरं ओळीच्या क्रमांकाची. सहाव्यात खूण केली तर मागची ओळ पुढे चालू. सातव्यापासून बाहत्तराव्यापर्यंत मजकूर. उरलेली आठ यंत्र वाचतच नसे. शीटवरची एकेक ओळ पुढे भोकं पाडून एकेका कार्डावर जाई; या आठ घरांत त्या कार्डांचे अनुक्रमांक टाकायचे, गठ्ठा हातातून सांडला तर पुन्हा लावता यावा म्हणून. एका घरात एकच अक्षर! बाकीची पोरं वैतागली. मला मात्र जुनी वही सापडल्यासारखं झालं.

भरलेली शीटं मुंबईच्या एका केंद्रात जात. तिथे कार्डं पंच होत, आपली पाळी लागे आणि आठ-दहा दिवसांनी उत्तर टपालानं येई. त्यामुळे पाठवण्याआधी सगळा प्रोग्रॅम हातानं चालवून बघायचा. ऐन मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या घरी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत मीच यंत्र होऊन बसायचो.

पहिला प्रोग्रॅम 1 ते 20 च्या वर्गमुळांचा. वीस ओळी यायच्या, आली एकच, तीही भलतीच. चूक काही दाखवलेली नाही! दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडलं. मी लिहिलं होतं 'डू 10 आय = 1,20', म्हणजे एकपासून वीसपर्यंत फेऱ्या मार. माझा स्वल्पविराम इतका गचाळ की पंच करणाऱ्याला तो टिंब वाटला. फोरट्रान अक्षरांमधल्या मोकळ्या जागा मोजत नाही. यंत्रानं 'डू10आय' नावाचं नवंच चल समजून त्याला 1.20 किंमत देऊन टाकली आणि ते पुढे गेलं. ताळा मी केला होता, पण मनातल्या स्वल्पविरामाचा.

दुसऱ्या खेपेला वीसच्या वीस ओळी आल्या. दिवाळीत तो कडेला भोकं असलेला लांबलचक कागद घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, 17 पुढचा 4.123106 हा आकडा निवडला आणि पाठकोऱ्या कागदावर त्याचा वर्ग करायला बसले. चहा निवला. काकूंनी दोनदा डोकावून पाहिलं.

"सतरावर तीन दशलक्षांश जास्त येऊन राहिले रे," सर म्हणाले. "हे कुठून आले?"

शेवटचं घर वरच्या आकड्यात बसवलंय, असं मी समजावलं. पटलं की नाही कोण जाणे.

"बरं, अठराचं बघू," म्हणत त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.